देवाचा पलंग आणि माणसाचे हृदय

न्यायवैशेषिकांच्या मताने काल हे नऊ द्रव्यांपैकी एक स्वतंत्र द्रव्य असून ते एकच आहे, सर्वत्र आहे, आणि त्याला आरंभही नाही व अंतही नाही. क्षण, घटिका, प्रहर, दिवस, मास हे जे भेद आपण रोजच्या व्यवहारात गृहीत धरून चालतो ते कालाचे स्वतःचे नव्हेत. सूर्याची गती ही जी बाहेरची उपाधी, तिच्या योगाने ते त्याच्यावर आरोपिले जातात. शिवाय जे जे म्हणून उत्पन्न होते त्या सर्वांचे काल हे साधारण कारण होय, असेही हे शास्त्रकार सांगतात; साधारण म्हणजे कोणत्याही एका कार्याकडे विशेष कल नसलेले, जन्म होवो की मृत्यू होवो, दोहोंस सारखेच लागणारे. तर्कसंग्रह घोकणाऱ्या विद्यार्थ्याला या सिद्धांताविषयी सहसा शंका येत नाही, कारण पाठशाळेत तसा प्रसंगच उद्भवत नाही. शंका उपस्थित होते ती रुग्णालयाच्या दप्तरातून, आणि एकदा ती उपस्थित झाली म्हणजे नुसत्या वैद्यकाच्या चौकशीने तिचे समाधान होत नाही. धर्माने माणसाच्या दिवसाला जे वळण लावून दिले आहे त्याचीही झडती घ्यावी लागते.

१९८५ साली अमेरिकेत जेम्स म्युलर व त्यांचे सहकारी यांनी हृद्‌विकाराच्या तीव्र झटक्याने रुग्णालयांत दाखल झालेल्या सुमारे तीन हजार रुग्णांच्या कागदपत्रांतून, दुखणे कोणत्या तासाला सुरू झाले एवढीच एक बाब वेगळी काढली आणि ती दिवसाच्या चोवीस रकान्यांत मांडली. काल जर खरोखरच निःपक्षपाती असेल तर हे रकाने थोड्याफार फरकाने सारखे भरावयास हवे होते. ते तसे भरले नाहीत. सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंतच्या रकान्यांत दाटी झाली, आणि सकाळी नवाच्या सुमारास जितके झटके आले त्यांच्या जेमतेम एकतृतीयांश झटके रात्री अकराच्या सुमारास आले. रुग्णाला झोपेत कळत नाही, जागा झाल्यावर कळते, म्हणून सकाळची नोंद फुगते, असा आक्षेप यावर निघण्यासारखा होता व तो त्या मंडळींनीही ध्यानात घेतला होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली म्हणजे त्यातील एक विशिष्ट द्रव्य रक्तात उतरू लागते, आणि त्याच्या वाढीवरून इजेच्या आरंभाचा उलटा हिशेब करता येतो. सातशेंवर रुग्णांच्या बाबतीत तसा हिशेब केला असता, रुग्णाच्या तोंडी कैफियतीवर विसंबून न राहताही, तीच सकाळ पुन्हा उभी राहिली. अपवाद आढळला तो एका वर्गाचा. अ‍ॅड्रेनॅलिनचा हृदयावरील अंमल रोखणारी बीटा ब्लॉकर जातीची औषधे ज्यांनी आधीच्या चोवीस तासांत घेतली होती, त्यांच्यात सकाळची ही चढण दिसली नाही.

सकाळी सूर्य असतो आणि रात्री नसतो, तेव्हा ही सगळी सूर्यरूप उपाधीचीच करामत होय, असे म्हणून नैयायिकाला येथे आपली सुटका करून घेता आली असती. पण ती वाट बरीच आधी बंद झालेली आहे. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ या ज्योतिर्विदाने लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधाऱ्या जागी कोंडून ठेवले आणि सूर्याचे दर्शन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात असे नोंदविले. वनस्पतीचे जे झाले तेच पुढे माणसाचे झाले. १९६२ साली मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्स पर्वतातील स्कारासाँ येथील हिमगुहेत घड्याळावाचून दोन महिने राहिला. प्रयोग संपल्याचे त्याला सांगण्यात आले त्या दिवशी जगाच्या पंचांगात १४ सप्टेंबर होता आणि त्याच्या रोजनिशीत २० ऑगस्ट. मनाचा हिशेब असा पंचवीस दिवसांनी चुकला, परंतु त्याच्या निजण्याउठण्याची टिपणे वर बसलेल्या सोबत्यांनी टेलिफोनवरून घेतली होती, ती तपासली तेव्हा शरीराचा दिवस साडेचोवीस तासांच्या आसपास नेमाने चालल्याचे आढळले. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी काळोख्या गुहांतील वटवाघळांचा अभ्यास करता करता माणसांसाठीही असाच एक एकांतकक्ष उभारला, आणि त्यात राहिलेल्यांच्या शरीरांनीही आपापला दिवस बाहेरच्या मदतीवाचून चालू ठेवला. मनुष्य वेळ विसरतो आणि त्याचे शरीर ती विसरत नाही, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मला झटक्यांच्या आकडेवारीहूनही महत्त्वाची वाटते.

तेव्हा काल एक मानला तरी त्याच्या उपाधी दोन मानाव्या लागतात; एक आकाशात फिरणारी आणि दुसरी देहात चालणारी. या दुसऱ्या उपाधीचा सुगावा आपल्या पूर्वसूरींना मुळीच नव्हता असेही म्हणता येत नाही. सूर्यसिद्धांतात व्यवहारोपयोगी कालाची मोजणी सुरू होते ती प्राणापासून, म्हणजे निरोगी माणसाच्या एका श्वासापासून. सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचे एक अहोरात्र. गुणाकार केला तर अहोरात्राचे एकवीस हजार सहाशे श्वास होतात. योगमार्गातील अजपाजपाची, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपाची, संख्याही तीच, आणि वर्तुळाच्या कला, म्हणजे अंशांचे साठावे भाग, तेही तितकेच. आकाशातील वर्तुळ आणि नाकपुडीतील वारा यांचा असा मेळ घालणारी बुद्धी कोणत्या दर्जाची असेल, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पण कौतुकाच्या भरात एक भेद डोळ्यांआड होऊ देऊ नये. सिद्धांतकारांनी श्वासाला माप म्हणून घेतले, घड्याळ म्हणून नव्हे. धावताना श्वास दुप्पट होतो, निजल्यावर मंदावतो. त्याच्यावर कोणाचा तरी अंमल चालतो. तो कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

त्याचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू हाती आले. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या किंचित वर, वीस हजारांच्या आसपास पेशींचा एक जोडपुंजका आहे. तो प्राण्यांत नष्ट केला तर त्यांच्या निजण्याजागण्याला, खाण्यापिण्याला काही धरबंद राहत नाही. प्रत्येक पेशीच्या आत काय चालते तेही फळमाशीवरील संशोधनातून उलगडले आणि २०१७ चे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश व मायकेल यंग यांना त्याबद्दल मिळाले. एक जनुक एक प्रथिन तयार करविते, ते पुरेसे साचले म्हणजे तेच प्रथिन आपल्या जनक जनुकाला थोपविते, मग ते झिजत जाते, आणि ते झिजले की जनुक पुन्हा कामाला लागते. या फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. असा फेरा एकट्या मेंदूत नाही. यकृतात आहे, मूत्रपिंडात आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आहे, आणि हृदयाच्या स्नायुपेशीतही आहे. जुन्या मुलकी कारभारात सदर कचेरीतून हुकूम सुटत पण प्रत्येक तालुक्याचा मामलेदार आपले दप्तर आपण ठेवी, तसाच हा बंदोबस्त आहे. सदर कचेरी मुख्यतः उजेडाकडे पाहून आपली वेळ लावते. यकृतासारखे दूरचे अवयव उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेला अधिक मानतात. माणसाचा आतला दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा, सरासरीने दहापंधरा मिनिटांनी मोठा असल्यामुळे, रोज सकाळचा उजेड डोळ्यांत शिरून ती बाकी वळती करून घेतो. यासाठी दृष्टी असावीच लागते असेही नाही. डोळ्याच्या पडद्यात, दिसण्याशी विशेष संबंध नसलेल्या पण उजेडाची वर्दी देणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत, आणि त्यांच्यामुळे काही अंध व्यक्तींचे शरीरही सूर्याशी जुळलेले राहते.

आता सकाळी हृदयापाशी काय घडते ते पाहू. निरोगी माणसाचा रक्तदाब निद्रेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. ज्यांचा तो उतरत नाही त्यांना हृद्रोगाचा व पक्षाघाताचा धोका अधिक असतो. उत्तररात्री, मनुष्य अजून गाढ झोपेत असतानाच, कॉर्टिसॉल हे अंतःस्रावी द्रव्य रक्तात चढू लागते आणि जागे होण्याच्या सुमारास त्याची भरती येते. जाग येताच अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब वर जातो. रक्ताच्या गुठळ्या विरघळविणाऱ्या शक्तीला आवर घालणारे एक प्रथिन याच वेळी सर्वाधिक असते, त्यामुळे जमलेली गुठळी सहजी विरत नाही. रक्तातील बिंबिका, म्हणजे जखम झाली असता एकमेकींना चिकटून रक्त थांबविणाऱ्या सूक्ष्म चकत्या, सकाळी सहा ते नवाच्या दरम्यान अधिक चिकट होतात. या शेवटच्या बाबीची एक खुबी आहे. १९८७ साली टॉफ्लर प्रभृतींनी असे दाखविले की, मनुष्य अंथरुणावर तसाच पडून राहिला तर हा चिकटपणा वाढत नाही. तो उठून उभा राहिला म्हणजे वाढतो. कॉर्टिसॉलची भरती आतल्या घड्याळाची, चिकटपणा उभे राहण्याचा, आणि कामावर जाण्याची घाई समाजाची. असे तीन निरनिराळे कर्ते त्या एका तासात एकत्र येतात.

आणि यांत ‘मी’ कोठे आहे? मी पाच वाजता उठलो असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. वस्तुतः शरीराने तीन वाजल्यापासूनच उठण्याची तयारी चालविलेली असते, आणि ज्याला आपण संकल्प म्हणतो तो सर्व व्यवस्था लागल्यावर सहीपुरता हजर होतो. प्रकृतीच्या गुणांनी कर्मे होत असता अहंकाराने मूढ झालेला जीव स्वतःस कर्ता मानतो, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील विचार ज्यांना आजवर रूक्ष वेदान्त वाटत आला असेल, त्यांनी तो उत्तररात्रीच्या या गुप्त कारभारासमोर ठेवून पाहावा. लवकर उठणे हा सद्‌गुण खराच. परंतु लवकर उठणाऱ्याने उशिरा उठणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहावयाचे असते असे आपल्याकडे समजतात, त्या नजरेला यामुळे बरीच काट बसते. काहींचे घड्याळ जन्मतःच पुढे असते आणि काहींचे मागे. तारुण्यात ते मागे सरते व उतारवयात पुढे येते. सत्तरीचे आजोबा पहाटे चार वाजता उठून अठरा वर्षांच्या नातवाच्या आळसाविषयी जे प्रवचन करतात, त्यातील निम्मे पुण्य वयाच्या खात्यावर जमा करावयास हवे.

सकाळ झटक्याचे कारण आहे, असे म्हणावयाचे तर ‘कारण’ या शब्दाची आधी वासलात लावली पाहिजे. आपल्या दर्शनकारांनी उपादान कारण व निमित्त कारण असा जो विवेक केला आहे तो येथे फार उपयोगी पडतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत वर्षानुवर्षे साचत गेलेला मेदाचा थर, त्यावरील पातळ पापुद्रा, तंबाखू, मधुमेह, वाढता दाब, वाडवडिलांकडून आलेला वारसा हे उपादान होय. सकाळ हे निमित्त. पापुद्रा फाटावयाचा तर तो त्या वेळी फाटण्याचा संभव अधिक, इतकेच. निमित्ताला उपादानाचा मान दिला की मनुष्य घड्याळाला घाबरू लागतो आणि विडी ओढीत राहतो. पण निमित्तालाही क्षुल्लक लेखू नये. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांच्या नोंदीवरून दिसते की, उपादान जागच्या जागी असतानाही निमित्ताची धार बोथट करता येते.

तरीसुद्धा एक प्रश्न उरतो, आणि तो वैद्यकाच्या हद्दीबाहेरचा आहे. एखाद्या घरातील कर्ता पुरुष सकाळी नवाला अंघोळ करून कपडे चढवीत असता कोसळतो, आणि घरातील माणसे विचारतात की हाच का, आणि आजच का. तीन हजारांच्या दप्तराजवळ याचे उत्तर नाही. समष्टीविषयी ते ठामपणे बोलते आणि व्यष्टीविषयी मौन पाळते; सकाळी धोका अधिक, हे विधान लाख सकाळींविषयी खरे असून या एका सकाळीविषयी काहीच सांगत नाही. आपल्या समाजाने ही रिकामी जागा प्रारब्ध या कल्पनेने भरली. तिला मी अज्ञानाचे पांघरूण म्हणत नाही. ज्ञान जेथे स्वभावतःच थांबते तेथे माणसाला काही तरी धरून उभे राहावे लागते, आणि प्रारब्धाने शेकडो वर्षे ते काम केले आहे. तक्रार आहे ती प्रारब्धाला त्याच्या हद्दीबाहेर मुखत्यारी देण्याबद्दल. छातीत कळ येत असता रुग्णालयाकडे धाव न घेता दैवाकडे बोट दाखविणारे लोक आहेत, आणि त्यांच्याशी सहानुभूतीने वागण्यात काही भूतदया नाही.

धर्माच्या कैवाऱ्यांना या सर्व प्रकरणात एक पेच पडण्यासारखा आहे. ब्राह्म मुहूर्त हा दिवसातील सर्वांत पवित्र काळ. रात्रीच्या पंधरा मुहूर्तांपैकी चौदावा, म्हणजे सूर्योदयापूर्वी सुमारे दीड तासापासून पाऊण तासापर्यंतचा. आणि आधुनिक वैद्यक सांगते की, हृदयाच्या दृष्टीने धोक्याच्या तासांचा उंबरठा नेमका त्याच्या पाठोपाठ आहे. यावरून कोणी ऋषींना वेड्यात काढावयास निघेल, तर दुसरा कोणी ऋषींना हे सर्व आधीच ठाऊक होते असा दाखला देऊ लागेल. दोघेही ग्रंथ उघडण्याचे श्रम मात्र घेणार नाहीत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे, आणि त्यात वाग्भटाने पहाटे उठण्याचा उपदेश केला आहे तो स्वस्थ माणसाला, आणि तो आयुष्याच्या रक्षणासाठी. रोग्याला त्याने तो सरसकट लागू केलेला नाही. शिवाय त्याच्या काळी दिवेलागणीनंतर फार वेळ जागण्याची सोयच नव्हती. आठ वाजता निजलेला मनुष्य साडेचाराला उठला तर त्याच्या शरीराची सकाळ आणि आकाशाची सकाळ यांत तंटा नसतो. मध्यरात्री एक वाजता हातातील पडदा मिटवून, पुन्हा साडेचाराला ‘ब्राह्म मुहूर्त’ म्हणून गजर लावणाऱ्याने वाग्भटाचा अर्धाच हुकूम तामील केलेला असतो, आणि अर्धी तामिली कधी कधी अवज्ञेहून महाग पडते.

व्रतांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा जैनांचा नियम हा यकृताचे घड्याळ राखण्यासाठी सांगितलेला आहे, असे अलीकडे काही उत्साही मंडळी म्हणू लागली आहेत. तो नियम अहिंसेसाठी आहे. काळोखात अन्नाबरोबर सूक्ष्म जीवांचा घात होऊ नये म्हणून. शरीराला त्याचा लाभ होत असेल तर उत्तमच, पण दुसऱ्याच्या प्राणासाठी पाळलेल्या नियमाला आपल्या पोटाच्या हिशेबात ओढणे हे त्या नियमाची किंमत वाढविणे नव्हे. धर्म आणि आरोग्य यांच्या सरहद्दी पुष्कळ ठिकाणी एकमेकींना लागून आहेत. म्हणून सातबारा एकाच नावाचा असे होत नाही.

येथवर सूर्य आणि शरीर या दोन उपाधींचा विचार झाला. तिसरी उपाधी माणसाने स्वतः निर्माण केली, आणि ती या दोहोंवर हुकमत गाजवू लागली. मुंबईच्या कापडगिरण्या पहिली काही दशके सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. तो दिवसही मरणप्राय लांब होता, पण अंधार पडला की साचा थांबे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती या काळात. १९०५ च्या सुमारास गिरण्यांतून विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस सूर्याच्या ताब्यातून सुटून चौदापंधरा तासांवर गेला. १९११ च्या कायद्याने तो कापडगिरण्यांत बारा तासांवर आणावा लागला. पुढे पाळ्या आल्या. लालबाग-परळच्या चाळीतील एका गाळ्यात दहाबारा माणसे राहत, आणि दिवसपाळीचा मनुष्य भोंग्याबरोबर बाहेर पडला की त्याच वळकटीच्या जागेवर रातपाळीचा मनुष्य येऊन पडे. खिडकीतून ऊन, जिन्यावर मुलांचा गलबला, नळावर भांडण, आणि खाणावळवाल्या बाईकडे ताट दहा वाजताच मांडलेले. त्यात तो निजे. याच शहराने १९०६ साली आलेल्या स्टँडर्ड टाइमाला, घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे करावे लागते म्हणून, जवळजवळ अर्धशतक दाद दिली नाही आणि आपला निराळा बॉम्बे टाइम चालू ठेवला. त्या हट्टाची आपण थट्टा करतो. पण स्वीडनमध्ये वसंतात घड्याळे एक तास पुढे करतात त्यानंतरच्या आठवड्यात हृद्‌विकाराचे झटके पाच टक्क्यांच्या आसपास वाढतात, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. एका तासाची ही कथा, तर रातपाळीने उलटलेल्या बारा तासांची काय असेल?

ती काही अंशी कळली आहे. प्रयोगशाळेत माणसांच्या निजण्याजेवण्याच्या वेळा त्यांच्या आतल्या घड्याळाच्या अगदी उलट करून ठेवल्या तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांचा रक्तदाब चढला व साखर बिघडली. अमेरिकेत पावणेदोन लाखांहून अधिक परिचारिकांची दोन तपे जी पाहणी चालली, तिचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वर्षानुवर्षे फिरत्या रातपाळ्या केलेल्यांत हृद्रोगाचे प्रमाण माफक पण निश्चित अधिक होते. सदर कचेरी उजेड पाहून एक सांगते, तालुके मध्यरात्रीचे जेवण पाहून दुसरेच करतात, आणि या बेबनावाचा भुर्दंड हृदयाला पडतो.

अशा ठिकाणी आपल्याकडे एक गोड समजूत पुढे केली जाते. सर्व भूतांची जी रात्र तीत संयमी पुरुष जागा असतो, या गीतावचनाचा आधार देऊन जागरणाला तपाची प्रतिष्ठा द्यावयाची आणि झोपेला तमोगुण म्हणून हिणवावयाचे. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्या रात्रीचा अर्थ अविद्येच्या अंगाने लावला आहे. तेलाच्या दिव्याशी तिचा संबंध नाही. आणि तीच गीता सहाव्या अध्यायात, अतिशय निजणाऱ्याला योग साधत नाही त्याचप्रमाणे अतिशय जागणाऱ्यालाही तो साधत नाही, असे निःसंदिग्धपणे सांगते. जागरणाचे माहात्म्य गाणाऱ्यांना हा अध्याय आठवत नाही, याला विस्मरण म्हणावे की सोय म्हणावी हे ज्याचे त्याने ठरवावे.

मला या बाबतीत भाष्यकारांपेक्षा पंढरपूरच्या बडव्या-सेवाधाऱ्यांची जुनी वहिवाट अधिक शहाणी वाटते. विठ्ठलाला पहाटे काकड्याने उठवितात, नित्यपूजा होते, महानैवेद्य, पोशाख, धूपारती होते, आणि रात्री शेजारती होऊन तो शेजघरात निजतो. आषाढी व कार्तिकी यात्रेच्या आधी मुहूर्त पाहून देवाचा पलंग काढतात. त्या दिवसापासून काकडा बंद, शेजारती बंद. नित्यपूजा-नैवेद्याचा थोडा अवकाश सोडता अहोरात्र दर्शन चालू. देव उभा असतो. उभे राहून शिणतो म्हणून त्याच्या पाठीशी लोड देतात, आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. यात मौज अशी की, आषाढी एकादशी ही पंचांगाप्रमाणे देवशयनी. साऱ्या हिंदुस्थानात विष्णू ज्या दिवशी निजतो त्याच दिवशी पंढरीत त्याला डोळा लावावयाची सवड नसते. भक्तांची रांग संपत नाही, तेव्हा पंचांगाने थांबावे.

परंतु वहिवाट येथे संपत नाही, आणि तिचे शहाणपण पुढच्या भागात आहे. यात्रा पांगल्यावर पुन्हा मुहूर्त पाहून प्रक्षाळपूजा होते. पाठीचा लोड काढतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, नवा पोशाख चढवितात, आणि रात्री शीण घालविण्यासाठी औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवून त्याला पुन्हा पलंगावर निजवितात. दुसऱ्या दिवसापासून काकडा सुरू. जो कालातीत, ज्याला झोपही नाही आणि शीणही नाही असे वेदान्त सांगतो, त्याच्या जागरणाची इतकी काटेकोर भरपाई वारकरी धर्माने ठरवून ठेवावी, यातील तर्कविसंगती दाखविणे सोपे आहे. ज्याने ही प्रथा पाडली त्याला ती दिसली नसेल असे मला वाटत नाही. देह धरला की देहाचे देणे लागते, मग धरणारा कोणीही असो. आणि सेवेसाठी नियम मोडावा लागला तर तो मोडण्याला जसा आरंभाचा मुहूर्त लागतो तसा समाप्तीचाही लागतो, हे त्याने सिद्धांत म्हणून न सांगता कृतीत उतरविले. शिणलेल्याला त्याने जागरणाचे पुण्य सांगितले नाही, काढा दिला.

आज रात्रभर जागे राहणाऱ्यांची संख्या गिरणगावाच्या काळाहून कितीतरी अधिक आहे. रुग्णालयातील परिचारिका, नाक्यावरचा पोलीस शिपाई, इमारतीचा पहारेकरी, मालगाडीचा चालक, आणि अमेरिकेतल्या दिवसाचे काम पुण्यातल्या रात्री करणारे हजारो तरुण. यांच्यावाचून समाजाचा गाडा एक रात्रही चालणार नाही, तेव्हा रातपाळी बंद करा असे म्हणण्यात अर्थ नाही. काय करता येण्यासारखे आहे तेही गूढ नाही. आतला दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा असल्यामुळे तो पुढे ढकलणे सोपे आणि मागे ओढणे कठीण असते. म्हणून फिरत्या पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकत गेल्या तर शरीराला त्या कमी जाचतात, आणि उलट्या क्रमाने लागल्या तर अधिक. रातपाळीहून परतलेल्याला दिवसा काळोखाची व शांततेची खोली मिळावी, मध्यरात्रीचे जेवण जड नसावे, एका रातपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावू नये, रक्तदाब अधूनमधून तपासला जावा. याला ना मोठा खर्च आहे ना नवा कायदा हवा. तक्ता आखताना या गोष्टी पाहिल्या जाव्यात इतकेच. पण तो तक्ता बहुतेक ठिकाणी मागल्या महिन्याच्या तक्त्यावरून उतरवून काढलेला असतो, आणि तो उतरवून काढणारा कारकून स्वतः दहा ते पाच या वेळेतच कचेरीत बसत असल्यामुळे, त्याला त्यात काही खटकतही नाही.